ओंजळीची जकात

एका घाटाच्या माथ्यावर एक राज्य होते आणि त्याच घाटाच्या पायथ्याशी दुसरे. वरचे माचगड, खालचे वेळबंदर. माचगडात तूर उदंड पिके, पण मिठाचा खडा मिळत नसे. वेळबंदरात मिठागरे पांढरीशुभ्र पसरलेली असत, पण तुरीचे झाड कोणी पाहिलेले नव्हते. त्यामुळे तांड्यांचे बैल वरून तूर घेऊन उतरत आणि खालून मीठ घेऊन चढत. दोन्ही राज्यांच्या आमट्या त्या बैलांच्या पाठीवर शिजत होत्या म्हणा ना.

जुन्या काळी या दोन राज्यांत जकातीवरून मोठी भांडणे झाली होती. शेवटी दोघांच्या पणजोबांनी घाटाच्या मधोमध, झऱ्यापाशी बसून करार केला. दर गोणीमागे जकातदाराने एक ओंजळ घ्यावी. वरच्याने मिठाची, खालच्याने तुरीची. कमी नाही, जास्त नाही. ओंजळ केवढी, यावर पुढे वाद नको म्हणून पाथरवटाने तिथल्याच दगडात जोडलेल्या दोन तळहातांचा खळगा कोरला. ते माप.

आता आपल्या लोकांची एक खोड आहे. दगडाला आकार दिसला की त्याला शेंदूर लागायला वेळ लागत नाही. जाता-येता तांड्यातली माणसे तिथे चिमूटभर मीठ आणि चार तुरीचे दाणे ठेवू लागली. कोणी तेल ओतले, कोणी शेंदूर फासला. वर्षांमागून वर्षे गेली आणि खळगा शेंदराने भरून त्याचा गोटा झाला. लोक त्याला ओंजळोबा म्हणू लागले. नवसाला पावतो असेही म्हणत. तो माप होता, हे मात्र सगळे विसरले.

माचगडाचा कारभार गोमाजी नावाचा माणूस पाहत असे. माणूस हुशार, कष्टाळू, पैशाला शिवणारा नव्हे. पण संशय त्याच्या अंगात भिनलेला. लोक ताक फुंकून पितात, हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. कोणी सकाळी नमस्कार केला तर हा दुपारपर्यंत विचार करी, की याने आजच नमस्कार का केला असेल? बायकोने लाडू केले तर आधी विचारी, "काय हवंय?" माचगडाचा राजा चंद्रोजी मात्र भोळा होता. तो सगळ्यांवर विश्वास टाकी आणि गोमाजीला त्याची फार काळजी वाटे.

"महाराज," तो म्हणे, "राजाने संशय शिकून घ्यावा. न शिकणारा राजा दुसऱ्याच्या पालखीमागे चालतो."

राजा हसे आणि म्हणे, "आमच्या वाटचा संशय घ्यायला तुम्ही आहात ना!"

वरच्या नाक्यावर सटवाजी जकातदार होता आणि खालच्या नाक्यावर जानबा. दोघे तरुणपणी नेमले गेले आणि नाक्यावरच म्हातारे झाले. ओंजळ भरायची, बाजूच्या कोठीत टाकायची, बैलाच्या पाठीवर थाप मारायची, की गोणी मोकळी. कोणाची तक्रार नव्हती. उलट तांडे दरवर्षी वाढतच होते. तुरीचे पेव रिकामे होत होते, मिठाच्या राशी घाट चढत होत्या आणि माचगडात घरोघरी लोणच्याच्या बरण्या काठोकाठ भरत होत्या.

एका वर्षी जानबा वारला. त्याच्या जागी वेळबंदरच्या राणीने त्याचाच मुलगा भिवा याला बसवले. यात वावगे काही नव्हते. पण तांड्याचा म्होरक्या लखमा नाईक मीठ घेऊन वर आला, तेव्हा गोमाजीने सवयीप्रमाणे त्याला विचारले, "खाली काय नवीन?"

नाईक बैलाच्या पाठीवरची गोणी सोडता सोडता म्हणाला, "नवीन काय न्हाई. जानबाच्या जागी पोरगा बसलाय. म्हाताऱ्याच्या मानानं हात जरा भरलेला हाय. माप वाईच जास्त जातंय."

नाईक हे बोलला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला होता. गोमाजीच्या लेखी मात्र तो आता सुरू झाला. माप जास्त जातंय! म्हातारा मरायची वाटच पाहत होते तर. इतक्या मुलांत भरल्या हाताचाच मुलगा बरा सापडला. जानबाला तो एकुलता एक मुलगा होता, हे गोमाजीला ठाऊक होते. पण संशयाला हिशेबातली अशी गैरसोयीची गोष्ट दिसत नाही.

तो स्वतः घाट उतरला आणि खालच्या नाक्यासमोरच्या करवंदीच्या जाळीआडून त्याने पाहिले. भिवाने ओंजळ भरली. तुरीचे दाणे काठापर्यंत आले. जानबाची ओंजळ गोमाजीला चांगली आठवत होती. तिच्यात याच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त तूर मावे. शंकाच नको. वेळबंदराने जकात वाढवली होती आणि तीही करारातला शब्द न मोडता.

"महाराज, पाणी मुरतं आहे," त्याने दरबारात सांगितले. "दर तोच ठेवला आणि हात बदलला. असा शत्रू तलवारवाल्यापेक्षा वाईट."

राजा म्हणाला, "आपण राणीला विचारून पाहू या का?"

"चोराला विचारायचं, चोरी केलीस का?"

राजाने राणीला विचारायचा विचार सोडून दिला. ही त्याच्या शिकवणीची सुरुवात होती.

गोमाजीने सटवाजीला घरी बसवले. म्हातारा जाताना एवढेच म्हणाला, "माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा." गोमाजीने सांगितले, "तुमचं काही चुकलं नाही. तुमचा हात चुकला." आणि नाक्यावर हैबती पैलवानाला बसवले. हैबतीचा पंजा म्हणजे भाकरीची परातच. त्याने पहिल्या गोणीत हात घातला तेव्हा बैलसुद्धा मागे वळून पाहू लागला.

आठवड्यात खालून राणीचा जासूद आला. 'आमच्याकडून काही आगळीक झाली असल्यास कळवावे. नाक्यावर पैलवान का बसवला?' गोमाजीने उत्तर पाठवले, 'आम्ही करार पाळतो. दर गोणीमागे एकच ओंजळ घेतो.' मग राजाकडे वळून म्हणाला, "पाहिलंत? साळसूदपणा कसा करतात ते. ज्याच्या मनात काही नसतं, तो विचारायला येतच नाही."

राजाने मान डोलावली. 'खरंच, विचारायला का आले असतील?' हा प्रश्न त्या रात्री प्रथमच त्याच्या मनात आला.

खाली राणीनेही काही हातात बांगड्या भरून बसायचे ठरवले नव्हते. तिने भिवाला काढले आणि एक खलाशी बसवला. जन्मभर वल्ही मारून त्याचे तळहात रुंद झाले होते. मग वर गोमाजीने हैबतीला सांगितले, ओंजळ शीग लावून भरायची. मग खाली खलाशाच्या हाताखाली सूप धरले गेले. ओंजळीतून सांडेल ते सरकारचे. मग वर हैबतीशेजारी त्याचा भाऊ येऊन बसला. करारात जकातदाराची ओंजळ म्हटले आहे, जकातदार एकच असावा असे कुठे म्हटले आहे?

गंमत अशी, की दोन्ही नाक्यांवर करार रोज मोठ्याने वाचून दाखवला जाई. दोन्हीकडचे लोक छाती पुढे काढून सांगत, आम्ही एक ओंजळभरच घेतो. आणि ते खोटे बोलत नव्हते.

मध्ये भरडला जात होता तो लखमा नाईक. खाली गोणी निम्मी, वर गोणी निम्मी. एका दुपारी त्याने वरच्या नाक्यावर रिकाम्या गोणींची चवड गोमाजीसमोर टाकली.

"कारभारी, तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझ्या बैलांनी काय पाप केलंय? ते काय हात बघून ओझं वाहत न्हाईत."

"नाईक, त्यांनी आधी सुरू केलं."

"कुणी का करंना. दोन्ही हात माझ्याच गोणीत हायेत."

तांडा गेला तो परत आला नाही. दूरच्या कुठल्याशा घाटाने दुसऱ्या राज्यात माल नेऊ लागला, असे कानावर आले.

पहिले काही दिवस गोमाजी खुशीत होता. त्याला वाटले, तूर मिळाली नाही की वेळबंदर गुडघ्यावर येईल. मग माचगडातले मीठ संपू लागले. कैऱ्या आल्या, पण लोणचे घालायला मीठ नव्हते. कैऱ्या तशाच पिकल्या, सडल्या. गुरे भिंती चाटू लागली. गडी शेतातून घामेजून आले की बैल त्यांचे सदरे चाटत. माणसांच्या पायांत गोळे येऊ लागले. तुरीची पेवे तुडुंब होती आणि त्यांतल्या तुरीला कीड लागत होती. गोमाजीच्या बायकोने त्याच्या पानात आमटी वाढली आणि समोर बसून राहिली. त्याने एक घोट घेतला. आमटी अळणी होती.

"मीठ?" त्याने विचारले.

"नाक्यावर आहे," ती म्हणाली.

नाक्यावरच्या कोठीत खरेच मीठ होते. पण ते राजवाड्याचे होते आणि तेही तळाला गेले होते. गोमाजीच्या मनात आले, आपले हे हाल, तर खालच्यांचे काय? की त्यांनी कुठून चोरून तूर आणली? त्याशिवाय ते इतके दिवस टिकतीलच कसे? एकदा हे मनात आल्यावर त्याला राहवेना. खांद्यावर घोंगड्यांचा गठ्ठा टाकून, घोंगडीवाला बनून तो घाट उतरला.

खालच्या नाक्यावर खलाशी जांभया देत बसला होता. घोंगडीची ओंजळ कशी भरावी हे त्याला सुचेना. दोन-तीनदा घोंगडी मुठीत धरून पाहिल्यावर त्याने कंटाळून गोमाजीला सोडून दिले.

उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून गोमाजी पहिल्याच घराच्या ओसरीवर टेकला. ते घर जानबाचे निघाले. जानबाची बायको बाहेर आली. तिने पाणी दिले आणि पान वाढले.

"जेव रे बाबा. पण आमटीत डाळ नाय हां. घाट बंद झालो तेव्हापासून आमी नुसतो भात नि मीठ खातंव."

गोमाजी मनात म्हणाला, घोंगडीवाल्यापाशीसुद्धा रडगाणे गायला शिकवून ठेवले आहे. पण त्याने आत नजर टाकली. डाळीचा डबा उघडा, पालथा पडलेला होता आणि त्यात कोळ्याने जाळे केले होते. कोळ्याला कोणी शिकवून ठेवत नाही.

"हे सगळं सुरू कोणी केलं, आजी?"

"वरच्यांनी! दुसरो कोण? आमचो भिवा नाक्यार बसलो काय नाय, तितक्यात त्यांनी पैलवान बसवल्यानी. तेंचो तो गोमाजी कारभारी मोठो संशयी मेलो. आमी तेचा काय घोडा मारलेला?"

गोमाजीने मान खाली घालून पुढचा घास कालवला. तेवढ्यात भिवा मागच्या दाराने आला. नाक्यावरून काढल्यापासून तो मिठागरावर कामाला जात होता. गोमाजीने प्रथमच त्याचे हात जवळून पाहिले आणि तो चमकला. भरलेला हात म्हणून ज्याच्यावर त्याने दरबारात आग पाखडली, तो एक साधा हात होता. कोणाही तरण्या माणसाचा असतो तसा.

निघताना म्हातारीने त्याचे उपरणे मागून घेतले. "वर मीठ नाय म्हणतत. पोराबाळांका घेऊन जा."

भिवाने कोपऱ्यातल्या राशीतून दोन्ही हातांनी मीठ उचलले आणि उपरण्यात ओतले. म्हणाला, "करारातली एक ओंजळ. बाबा शिकवून गेलो तशी, जास्त नाय नि कमी नाय."

गोमाजीने पोटली कमरेला बांधली. वाटभर तो स्वतःशी भांडत होता. हे लोक इतके चांगले का वागले? मला ओळखले तर नसेल? मिठात काही कालवले तर नसेल? एकदा त्याने थांबून एक खडा जिभेला लावला आणि परत पोटलीत टाकला. मीठच होते.

दुपार टळता टळता तो मधल्या झऱ्यापाशी आला आणि ओंजळोबापुढे बसला. देव आज वेगळा दिसत होता. तांडे बंद झाल्यापासून त्याला कोणी तेल घातले नव्हते, शेंदूर लावला नव्हता. सगळा उन्हाळा कोरडा गेला आणि शेंदराचे कवच तडकून, खपल्या होऊन खाली पडले होते. आत दगडात दोन जोडलेल्या तळहातांचा खळगा दिसत होता. बोटे आणि बोटांची पेरेसुद्धा कोरलेली होती.

लहानपणी आजोबांकडून ऐकलेली आणि विसरून गेलेली करारातल्या मापाची गोष्ट गोमाजीला आठवली. त्याने पोटली सोडली आणि भिवाच्या ओंजळीतले मीठ त्या खळग्यात ओतले. मीठ बरोबर काठाला लागले. खडा सांडला नाही की खडाभर जागा उरली नाही.

त्याने पुन्हा एकदा खळग्याच्या काठावरून बोट फिरवले. भिवाची ओंजळ मोठी नव्हती, ती करारातलीच होती. लहान झाली होती ती जानबाची. वय झाले, तसा त्याचा हात वाळत गेला, बोटे आखडत गेली आणि वेळबंदराची जकात कोणाला न विचारता, कोणाला न कळता दरवर्षी थोडी थोडी उतरत गेली. आणि आपला सटवाजी? त्याचेही हात डोळ्यांसमोर आले. सुकलेले, वाकडे. तीही ओंजळ तशीच लहान होत गेली होती. दोन्ही नाक्यांवरचे हात म्हातारे होत गेले, म्हणून तर दोन्हीकडची घरे भरत गेली होती. ते सुख कशाने आले, हे कोणी पाहिलेच नव्हते. आपण खालचा आजचा हात खालच्याच कालच्या हाताशी ताडून पाहिला. स्वतःच्या नाक्यावरचा हात कधी पाहिला नाही आणि ज्या दगडाला रोज नमस्कार केला, तो तर मुळीच नाही. गोमाजीला स्वतःची भयंकर लाज वाटली. आयुष्यात प्रथमच त्याला कोणाचा संशय आला नाही, आला तो स्वतःचा.

त्याने मीठ पुन्हा पोटलीत भरले आणि धावतच घाट चढला. राजाला हे सगळे सांगायचे, हैबतीला उठवायचे, सटवाजीला बोलावायचे, नाईकाच्या पायांवर डोके ठेवायचे, असे त्याच्या मनात भरून आले होते.

वरच्या नाक्यावर हैबतीने त्याला अडवले.

"कमरेला काय आहे, कारभारी?"

"मूठभर मीठ. घरासाठी."

"खालून आलं ना? मग जकात पडेल. तुम्हीच सांगितलंय, राजाचा भाऊ आला तरी सोडायचा नाही."

हैबतीने पोटली आपल्या पंजात उलटी केली. त्याचा तळहात जेमतेम झाकला गेला. त्याने उपरणे झटकून पाहिले आणि नाराजीने म्हणाला, "एक ओंजळसुद्धा भरत नाही. उरलेलं कधी आणून देता?"

गोमाजी रिकामे उपरणे घेऊन दरबारात गेला. तिथे त्याच्या आधीच बातमी पोहोचली होती. चंद्रोजी राजा सिंहासनावर पुढे सरकून बसला होता. त्याचे डोळे बारीक झाले होते. गोमाजीने ते डोळे ओळखले, कारण ते त्याचेच होते.

त्याने सगळे सांगितले. जानबाचे घर, भिवाचा हात, तडकलेला शेंदूर, काठाला लागलेले मीठ. राजा शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"वेष पालटून गेलात," राजा म्हणाला. "आम्हाला न सांगता."

"होय महाराज, पण—"

"तिथे जेवलात. त्यांचं मीठ खाल्लंत. कमरेला बांधून आणलंत. आणि आता सांगता, त्यांचा काही दोष नाही." राजा किंचित हसला. "गोमाजी, तुम्हीच म्हणाला होतात ना, चोराला विचारू नये? मग तुम्हाला तरी कसं विचारू?"

गोमाजीने रिकामे उपरणे घडी करून खांद्यावर टाकले. राजाची प्रत्येक ओळ त्यानेच राजाकडून घोकून घेतलेली होती. त्याच दिवशी त्याची कारभाराची वस्त्रे उतरवून घेतली गेली.

तरी राजाने खात्री करायला नव्या कारभाऱ्याला झऱ्यावर पाठवले. नवा कारभारी शहाणा होता. खरे सांगणाऱ्याचे काय होते, हे त्याने नुकतेच पाहिले होते. त्याने दगडाला साष्टांग नमस्कार घातला, बरोबर नेलेला शेंदूर तेलात कालवून खळग्यात हाताने थापून थापून भरला आणि परत येऊन सांगितले, "महाराज, देव जागेवर आहे. माप वगैरे तिथे काही नाही."

राजाचे समाधान झाले. घाटात गवत वाढले. दोन्ही नाक्यांवर दोन मोठ्या हातांची माणसे मांडीवर रिकामे हात ठेवून एकमेकांच्या वाटेकडे पाहत बसून राहिली. गोमाजीच्या घरी, वस्त्रे उतरली त्या दिवशीही, आमटी अळणीच होती. ती त्याने काही न विचारता संपवली.

तात्पर्य: शेजाऱ्याचा हात मोठा वाटला, तर बोंब मारण्याआधी मूळ माप काढावे आणि त्यात आपलाही हात घालून पाहावा. संशय एकदा दुसऱ्याला शिकवला, की शिकवणाऱ्याचे खरेही कोणी खरे मानत नाही.